प्रवाहाचा वेग नंतर, आधी वाळू मोजा

भरती-ओहोटीच्या समुद्राचा तळ अभ्यासायला येणारे नवखे बहुधा आधी विचारतात, "इथे प्रवाहाचा वेग किती?" प्रश्न रास्त आहे. पण तळाचे नकाशे वाचता वाचता माझं मत पक्कं झालंय की त्याआधी वाळू किती आहे ते बघावं. वेग तोच असला तरी वाळू मुबलक आहे की तुटपुंजी, यावर तळाचं रूप पार बदलतं.

उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात वाळू भरपूर आहे तिथे वाळूच्या लाटांची रांगच्या रांग दिसते. दोन माथ्यांमधलं अंतर काही शे मीटर, उंची काही मीटर. खरं तर भरतीने नेलेली वाळू ओहोटीने परत आणायला हवी, मग लाटा वाढतात कशा? तळावर जरासा उंचवटा असला की भरती-ओहोटीच्या सरासरीत पाण्याचं हलकं अभिसरण, म्हणजे गोल फिरणं, शिल्लक राहतं आणि तळालगतची वाळू दोन्ही बाजूंनी माथ्याकडे सरकते. नेदरलँड्सच्या संशोधक सुझान हुल्शर यांनी 1996 साली हे गणिताने दाखवलं. ते समजून घ्यायला वेळ लागतो, तो जरूर द्या.

मात्र या गणितात वाळू कधी संपत नाही. प्रत्यक्षात थर पातळ असला की लाट वाढताना सखल भाग खरवडत जातो आणि खालचे खडे-गोटे उघडे पडतात. तिथून आणखी वाळू मिळणार नाही. मग माथे एकमेकांपासून लांब जातात, अंतरांतला नेमकेपणा जातो. वाळू आणखी कमी झाली की चंद्रकोरीसारखे सुटे ढिगारे उरतात. भरती-ओहोटीची वजाबाकी होऊन वाळू शेवटी ज्या दिशेला सरकते, त्या दिशेला कोरीची टोकं असतात. प्रवाह जोरदार आणि वाळू थोडी असेल, तर प्रवाहाला समांतर लांबच लांब पट्टे तयार होतात. इंग्लिश खाडीत असे पट्टे आहेत.

म्हणून सोनारचं, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीतून टिपलेलं तळाचं चित्र उघडलं की माथ्यांच्या मोहात पडू नका, सखल भाग बघा. खडे आणि शिंपल्यांचा चुरा जोरदार प्रतिध्वनी देतात, त्यामुळे तिथली छटा माथ्यापेक्षा वेगळी दिसली की थर संपल्याची शंका घ्यावी. कुठल्या नकाशात जोरदार प्रतिध्वनी उजळ असतो, कुठल्यात गडद. सूची आधी वाचा. खात्रीसाठी नमुना सखल भागातूनही घ्या आणि थराची जाडी दाखवणारा भूस्तर-छेद मिळाला तर सोडू नका.

सरावासाठी एमोडनेट हा युरोपच्या समुद्रांची खोली दाखवणारा नकाशा मोफत आहे, पण त्याच्या जाळीतला एक चौकोन सुमारे 115 मीटरचा. 200 मीटरची लाट त्यात दिसणारच नाही. ब्रिटनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाची मल्टिबीम (एकाच वेळी अनेक ध्वनिकिरण सोडणाऱ्या सोनारची) मोजमापं या कामाला कितीतरी बरी.