बाहेरचा प्लेअर म्हणून जायचं असन तर

राजेहो, सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा झाला, आता गावोगावी कबड्डीचे बॅनर लागतीन अन् आपल्याकडच्या चांगल्या पोट्ट्यांना फोन सुरू होतीन, "भाऊ, आमचा कॉर्नर पडला, उद्या रात्री येशीन का?" मी असा बाहेरचा प्लेअर म्हणून चौदा सीझन खेळलो, दारव्ह्यापासून पार आर्वी-मोर्शीपर्यंत, लेफ्ट कॉर्नरला म्हणजे बचावात डाव्या टोकाला, अन् त्यातलं जे कामात आलं ते नव्या पोट्ट्यांसाठी लिहून ठेवतो. उदाहरणं मात्र अमेरिकन फुटबॉलची देईन, काहून की हेच काम सगळ्यात अवघड जागेवर कोणी करत असन तर ते तिथले फिरते क्वार्टरबॅक, अन् मी काही वर्षांपासून मोबाईलवर त्यांच्या मॅच पाहून रायलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तो पायाचा फुटबॉल नाही, लांबट बॉल असते, अकरा जण, चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं. क्वार्टरबॅकच्या हातात बॉल येते अन् कोणाला फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदात ठरवावं लागते, समोरून सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असताना. हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येते पण डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद, मग तो एकटा, जसा आपला रेडर रेषा ओलांडली की एकटा. एनएफएल म्हणजे तिकडची मोठी लीग, तिच्यात ३२ टीम आहेत, एका टीमचा मेन क्वार्टरबॅक एकच, बाकीचे बाकड्यावर, अन् त्यातले काही जण टीम बदलत बदलत आयुष्य काढतात. तिकडं त्यांना जर्नीमन म्हणतात.

आता कामाचं. गावात पोचल्या पोचल्या पहिले नावं पाठ करा. जेवण नंतर, चहा नंतर, पहिले नावं.

जॉश जॉन्सन नावाचा एक क्वार्टरबॅक आहे, १४ टीममध्ये राहिला, एवढ्या टीम एनएफएलमध्ये दुसऱ्या कोणाच्या नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या दोन क्वार्टरबॅकचे पाय मोडले म्हणून त्याला बोलावलं, अन् हा भाऊ नव्या टीमची नावं पाठ कराले त्या फुटबॉलचा व्हिडिओ गेम घेऊन बसला, गेममध्ये तीच टीम लावून. दीड आठवड्यात त्यानं जॅक्सनविलविरुद्ध १६–१३ नं मॅच काढली. सुरुवातीपासून खेळून जिंकलेली ती त्याची पहिली मॅच होती, २००८ मध्ये लीगमध्ये आलेल्या माणसाची! दहा वर्ष झाले होते.

आपल्याकडे व्हिडिओ गेम नाही पण पेन आहे. मी काय करायचो, मैदानाच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी बाकीच्या सहाही जणांना उभं करायचो अन् डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत त्यांची नावं लिहायचो, ज्या क्रमानं ते मैदानात उभे राहतीन त्याच क्रमानं, खरं नाव नाही, गावात ज्या नावानं हाक मारतात ते. काहून की रेडर आत घुसला की "ए तीन नंबर" म्हणून कोणी वळत नाही, पण "गज्या" म्हटलं की मान वळते. क्वार्टरबॅकही मनगटाला पट्टी बांधतात, तिच्यावर डावांची यादी बारीक अक्षरात असते, ते पाहून मला लय बरं वाटलं होतं.

नावं झाली की साखळीवाल्याशी बोला. तुम्ही कॉर्नर असान तर तुमच्या शेजारी ज्याचा हात तुमच्या हातात राहीन त्याच्याशी, अन् हे मोघम बोलून होत नाही, हात धरून करून पाहा. आमचं ठरलेलं असायचं, बोट एकदा दाबलं की मी घोट्याला जातो तू मागून ये, दोनदा दाबलं की रेडरला बोनस रेषेचा पॉईंट जाऊ दे, उडी मारू नको. अंधारात शाळेच्या मागं वीस-पंचवीस वेळा करायचो, एक पोट्टा रेडर बनायचा. यात जो कंटाळा करते तो पहिल्या पाच मिनिटात एकटाच रेडरवर झेपावते, बाकीचे सहा पाहत राहतात अन् पॉईंट जाते. बाहेरच्या प्लेअरवर सगळं गाव नाराज होते ते यानंच, ताकद कमी पडली म्हणून नाही.

दुसरं, बाकड्यावर बसायची तयारी ठेवा. तुम्हाला बोलावलं म्हणजे खेळवतीनच असं नसते, कधी त्यांचा पडलेला प्लेअर ऐनवेळी बरा होते. रुसून कोपऱ्यात मोबाईल पाहत बसू नका. रायन फिट्झपॅट्रिकचं ऐका. हार्वर्डमध्ये शिकलेला, २००५ मध्ये प्लेअर निवडायच्या वेळी २५० व्या नंबरवर त्याचं नाव आलं, म्हणजे जवळपास शेवटी. पहिल्यांदा मैदानात उतरला तो खेळत असलेला क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून, टीम हाफ टाइमला ३–२४ मागं, अन् यानं जादा वेळेत ३३–२७ नं जिंकून दिली. पुढं १७ सीझन, ९ टीम, नवही टीमकडून सुरुवातीपासून मॅच खेळलेला.

त्याची मला सगळ्यात आवडती मॅच मात्र डिसेंबर २०२० ची. मायामीनं त्याच वर्षी त्याला बसवून तुआ टॅगोव्हायलोआ या नव्या पोट्ट्याला पुढं केलं होतं, टीम तीन जिंकून तीन हरून बरी चालली असताना. त्याला लय लागलं, त्यानं ते बोलूनही दाखवलं, पण तयारी सोडली नाही. लास वेगासविरुद्ध मॅचच्या शेवटच्या भागात त्याला आत पाठवलं, १९ सेकंद उरले तेव्हा टीम दोन पॉईंटनं मागं, अन् समोरच्या गड्यानं त्याच्या हेल्मेटची जाळी धरून मानच पिरगाळली. बॉल कुठं चालला हे त्याला दिसतही नव्हतं तरी फेकला, ३४ यार्ड, बरोबर मॅक हॉलिन्सच्या हातात. फाऊलचे १५ यार्ड वरून मिळाले, मग किक मारून २६–२५. ती क्लिप मी पोट्ट्यांना दाखवतो तेव्हा सांगतो, हात पाहू नका, तो कोणत्या महिन्यापासून बाकड्यावर होता ते पाहा.

अन् ज्याच्या जागेवर तुम्ही उतरणार त्या गावच्या पोट्ट्याशी चांगलं वागा. त्याचे आईबाप, मित्र सगळे दोरीपलीकडं उभे असतात. त्याला बाजूला घेऊन विचारा, समोरची टीम कशी खेळते, कोणता रेडर डावीकडून येते, त्याला जे माहीत आहे ते तुम्हाला कोणीच सांगणार नाही.

पैशाचं बोलणं फोनवरच करा, गाडीभाडं आधी घ्या. एका गावात आम्ही फायनल मारली, बक्षिसातून देतो म्हणाले होते अन् अर्धेच दिले, मी रात्री दोन वाजता फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा होतो. तिकडं कागद होऊनही भरवसा नसते. फिट्झपॅट्रिकशी बफेलोनं २०११ मध्ये सहा वर्षांचा ५ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला अन् मार्च २०१३ मध्ये त्याला काढून टाकलं. कमी दिले तर तोंडावर शांतपणे सांगा, पुढच्या वर्षी जाऊ नका, पण मैदानावर तमाशा करू नका, कबड्डीवाल्या गावांची बातमी एकमेकांकडं सकाळपर्यंत पोचते.

वय झालं की शिकवायला लागा. जॉश मॅककाऊन, डझनभर टीम फिरलेला क्वार्टरबॅक, २०१९ मध्ये रिटायर होऊन पोरांच्या शाळेच्या टीमला शिकवत होता, तेवढ्यात फिलाडेल्फियाचा फोन आला. चाळीसाव्या वर्षी प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, आयुष्यातली पहिली मॅच खेळला, मांडीमागचा स्नायू फाटलेला असताना शेवटपर्यंत उभा राहिला, मॅच हरले. नंतर तो एनएफएलमध्येच कोच झाला. मी दोन वर्षांपासून आमच्या झेडपी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पोट्ट्यांना घेतो, माझा गुडघा आता उडी झेलत नाही.

बॅगमध्ये एवढं ठेवा: नीकॅप, क्रेप बँडेज, मॅटचे बूट (माती म्हणून बोलावतात अन् मॅट टाकलेली असते), वजन गटाची मॅच असन तर आधार कार्ड, अन् एक पेन, घामानं पुसणार नाही असं.