पावसाळ्याआधी खिशातला रेडिओ: सेल बाहेर, चिठ्ठी आत

मे संपत आला की कोकणातल्या प्रत्येक घरात कौलं चाळली जातात, लाकडं आत येतात, मीठ-मिरची-डाळ भरली जाते. त्याच आठवड्यात अर्धा तास रेडिओसाठी काढा. आणि घरात जुना रेडिओ असेल तर हे वाचायच्या आधी उठा, त्याचा मागचा कप्पा उघडा आणि सेल बाहेर काढा. आत्ता. गेल्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं. आदल्या वर्षीचे सेल आतच होते आणि वीज गेल्यावर कप्पा उघडला तेव्हा स्प्रिंग गंजून तुटलेली होती. नवे सेल हातात होते, पण ते टेकवायला जागाच उरली नव्हती.

रेडिओ कशासाठी, हा प्रश्न अजून विचारला जातो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात आलं, तेव्हा रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे टॉवर बॅटरी आणि डिझेल असेतो चालतात, मग गप्प होतात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, जुलैत चिपळूणचा पूर. मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते इंटरनेटवर चालतं. मोबाइलमधला खरा एफएम वेगळा. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना ती सोय बंद करू नका असं सांगितलं, तरी तुमच्या फोनमध्ये ती आहे का हे तुम्हालाच बघावं लागेल. असली तरी तारेचा इअरफोन लागतो, कारण ती तारच एरियल असते. शिवाय फोनची बॅटरी फोनसाठी राखायची आहे.

आता निवड. पहिली अट सेलची: रेडिओ साध्या पेन्सिल सेलवर चालणारा हवा, दोन सेलचा उत्तम. बाजारात हल्ली मोबाइलसारखी चपटी लिथियम बॅटरी आणि यूएसबीवर चार्ज होणारे रेडिओ जास्त दिसतात. वीज असताना ते छान. वीज नसताना बॅटरी संपली की पॉवर बँक संपेपर्यंतच त्यांचं आयुष्य. पेन्सिल सेल वाडीवरच्या किराणा दुकानातही मिळतो. हँडल फिरवून चालणाऱ्या रेडिओचा मोह होतो, पण त्याच्या आतली छोटी बॅटरी वर्षभर चार्ज न करता पडून राहिली की मरते, आणि मग हात दुखेपर्यंत फिरवूनही दोन मिनिटांत आवाज बसतो. मुख्य रेडिओ म्हणून तो नको.

दुसरी अट मीडियम वेव्हची, म्हणजे रेडिओवर MW किंवा AM लिहिलेल्या पट्ट्याची. नुसता एफएमचा रेडिओ कोकणात घेऊ नका. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं, आणि आपल्याकडे मध्ये डोंगर नाही अशी गावं किती? मीडियम वेव्ह जमिनीला धरून पुढे जाते आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब जाते. म्हणून समुद्राकाठच्या गावात मुंबईचं केंद्र ऐकू येतं आणि घाटाच्या पायथ्याला तेच कुजबुजतं. शॉर्ट वेव्ह असली तर असू दे, तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

काटा सरकवून केंद्र लावायचा रेडिओ घ्यावा की पडद्यावर आकडे दाखवणारा? काट्याचा रेडिओ कमी सेल खातो, अंधारात बोटाने फिरवता येतो, बंद म्हणजे खरंच बंद. आकड्यांचा रेडिओ स्टेशन नेमकं पकडतो, पण त्यात एक गोम आहे आणि ती दुकानदार सांगत नाही. भारतात मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्‌झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. बरेच रेडिओ कारखान्यातून १० च्या टप्प्यावर येतात. तसा रेडिओ ७९० नंतर थेट ८०० वर उडी मारतो आणि पुण्याचं ७९२ कधीच नीट लागत नाही, नुसता घोगरा आवाज येतो. आपोआप शोधायला लावलं तर केंद्र चक्क वगळून पुढे जातो. ओळखायची खूण सोपी: मीडियम वेव्हचा पट्टा ५२२ पासून सुरू झाला तर ९ चा टप्पा, ५२० पासून झाला तर १० चा. बदलायचं कसं ते सोबतच्या कागदावर असतं, बहुधा रेडिओ बंद असताना एखादं बटण दाबून धरायचं असतं. आपल्या केंद्रांचे आकडे ९ ने भाग जाणारे असतात, हे लक्षात ठेवलं की टप्पा बरोबर आहे का हे केव्हाही पडताळता येतं.

दुकानात तपासायचं ते दारात येऊन तपासा. आत एलईडी ट्यूब आणि चार्जर असतात, त्यांची खरखर मीडियम वेव्हवर चढते आणि चांगला रेडिओही वाईट वाटतो. भर दुपारी जा. रात्री मीडियम वेव्ह आकाशातून परतून लांबची केंद्रंही आणते, त्यामुळे रात्री कुठलाही रेडिओ जोरकस वाटतो. आवाजाचं बटण फिरवताना खरखरतंय का, स्पीकरमधून माणसाचं बोलणं स्पष्ट कळतं का (गाणी नव्हे, बातम्या लावा), इअरफोन काढल्यावर स्पीकर परत चालू होतो का, बटणं अडकवायची लॉकची कळ आहे का. आणि सेलच्या कप्प्याचं झाकण: ते रेडिओला जोडलेलं असेल तर उत्तम, सुटं असेल तर ते एक दिवस हरवणार हे धरून चाला. कप्प्यातल्या स्प्रिंगा जाड आहेत का तेही पाहा. गंजायला सुरुवात तिथेच होते.

पुन्हा सेलवर येतो, कारण हाच मुद्दा सुटतो. रेडिओ बंद आहे म्हणजे सेल खर्च होत नाहीत, हा समज चूक आहे. आकड्यांच्या रेडिओत घड्याळ चालू असतं, थेंबथेंब वीज जात राहते. वर्षभरात सेल पार रिकामा होतो, आत वायू साचतो, सीलमधून रस बाहेर येतो. अल्कलाइन सेलचा रस म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. तो स्प्रिंगेवर चढतो, तिचा मुलामा खातो आणि हवेशी मिळून पांढरी भुकटी होतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत उरलेलं काम गंज करतो. साधे स्वस्त सेल तर आणखी लवकर फुटतात, कारण त्यांचं जस्ताचं कवचच वापरात झिजत जातं. काहीजण सेल आणि स्प्रिंगेच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवून ठेवतात. त्याने वीज जायची थांबते, सेल पाझरायचा थांबत नाही. पट्टी हा उपाय नव्हे. सेल बाहेर काढायचे.

काढलेले सेल मूळच्या पाकिटात किंवा टोकांना चिकटपट्टी लावून, रेडिओच्या त्याच प्लॅस्टिक पिशवीत, पण कप्प्याबाहेर. सुटे सेल नाण्यांत, किल्ल्यांत टाकू नका, टोकं जुळून तापतात. सेल अल्कलाइन घ्या, त्यांच्यावरची तारीख वाचून घ्या. चार नवे सेल पिशवीत हवेत, दोन लावायला आणि दोन राखीव. जुना आणि नवा असे मिसळून कधीच लावू नका: दुबळा सेल उलटा भरला जातो आणि तोच आधी पाझरतो. चार्ज होणारे सेल चालतील, पण ते दीड नव्हे तर १.२ व्होल्टचे असतात, काही रेडिओ त्यांना अर्धे संपलेले समजून लवकर बंद पडतात. मे महिन्यात लावून बघा.

हिशेब असा: लहान रेडिओ मध्यम आवाजात साधारण ५० मिलिअँपिअर ओढतो, चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये २००० च्या आसपास मिलिअँपिअर-तास असतात. म्हणजे ४० तास. दिवसाला तासभर ऐकलं तर महिना निघतो. दिवसभर गाणी लावून ठेवली तर चार दिवस.

कप्पा आधीच पांढरा-हिरवा झाला असेल तर लगेच फेकू नका. हातमोजे घाला, भुकटी जुन्या दातांच्या ब्रशने कोरडीच झाडा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. अल्कलाइन सेलचा रस अल्क असतो, म्हणून कानकाडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. साध्या जस्त-कार्बन सेलचा रस आम्लाकडे झुकतो, तिथे लिंबू नको, खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. मग ओलसर फडक्याने पुसायचं, पूर्ण वाळवायचं आणि बारीक पॉलिश कागदाने स्प्रिंग घासून चमकवायची. थेंब आत ओघळू देऊ नका. स्प्रिंग तुटलीच असेल तर टीव्ही दुरुस्तीवाला दुसरी डाग देऊन बसवतो, पण तो मे महिन्यात भेटतो, वादळाच्या दिवशी नाही.

सेल काढल्याचा एक तोटा आहे आणि तो मान्य करायला हवा. काही रेडिओ सेल काढले की जतन केलेली केंद्रं विसरतात, काही तर ९ चा टप्पा विसरून परत १० वर जातात. घड्याळ तर जातंच. म्हणून सेल आत ठेवायचे का? नाही. म्हणून चिठ्ठी लिहायची. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा कागद, बॉलपेनने मोठ्या अक्षरात, वर पारदर्शक चिकटपट्टी. त्यावर केंद्राचं नाव, आकडा, बातम्यांच्या वेळा, मच्छीमारांसाठीच्या हवामान सूचनेची वेळ, आणि टप्पा बदलायचं बटण कुठलं ते. रत्नागिरीचा मीडियम वेव्हचा जुना आकडा ११४३, मुंबईचे ५५८ आणि १०४४, पुण्याचा ७९२, पणजीचा १२८७. पण हे आकडे नुसते उतरवून घेऊ नका. प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणचे मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केलेत, काही डिजिटल केलेत. डिजिटल प्रक्षेपण साध्या रेडिओवर नुसत्या सळसळीसारखं ऐकू येतं. तुमच्या घरात, तुमच्या रेडिओवर, दुपारी आणि रात्री जे खरंच ऐकू आलं तेच चिठ्ठीवर लिहा. जवळच्या एफएम केंद्राचंही तसंच.

ऐकताना जागा शोधा. मीडियम वेव्हचं एरियल रेडिओच्या आत असतं, काळ्या फेराइटची कांडी, बहुतेक लांब बाजूला समांतर. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज पडतो, कांडी केंद्राच्या दिशेला आडवी झाली की उठतो. म्हणून रत्नागिरीत मुंबई ऐकायची तर रेडिओची लांब बाजू जमिनीला समांतर धरा आणि त्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करा. बाहेर काढायचं एरियल फक्त एफएमचं, ते ताणून मीडियम वेव्ह सुधारत नाही. पत्र्याखाली आणि स्लॅबच्या आत लहरी अडतात. पडवी, ओटी, खिडकीची चौकट बरी. नेमकी चांगली जागा सापडली की तिथे खडूने खूण करा. वीज गेली की मीडियम वेव्ह उलट स्वच्छ होते, शेजारपाजारचे एलईडी आणि चार्जर गप्प झालेले असतात. घरचा इन्व्हर्टर मात्र करवादतो, त्यापासून लांब बसा.

मग सराव. डोळे मिटून सेल लावता आले पाहिजेत. कप्प्यात अधिक टोकाच्या जागी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. आवाजाचं बटण दहा-पंधरा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, साचलेली घाण निघते. इअरफोनचं भोकही तसंच, पिन चार वेळा आत-बाहेर, नाहीतर रेडिओला वाटतं इअरफोन लावलाय आणि स्पीकर मुका राहतो. एफएमचं एरियल बुंध्याशी धरून वळवा, टोकाला धरून नाही. घरातल्या आणखी एकाला हे सगळं करून दाखवा, शक्यतो आजी-आजोबांना. रेडिओच्या सवयी त्यांच्या बोटांत आधीच असतात.

ठेवायची जागा: झिप पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, वरच्या फळीवर. रेडिओ, चार सेल, चिठ्ठी, तारेचा इअरफोन. सेल कप्प्यात नाहीत ना, एकदा बोट घालून बघा.

वादळाचा इशारा आला की सेल लावा, लॉक लावा, चिठ्ठीवरून केंद्र पकडा, टप्पा बघा. ऐकायचं ते बातम्यांच्या वेळी दहा मिनिटं, मग बंद. आवाज बारीक, किंवा इअरफोन.

वीज परत आली की दोन-तीन दिवस थांबा, परत जाते. मग कोरड्या फडक्याने पुसा, सेल काढा, पिशवी बंद करा. गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा कप्पा उघडून बघा, कुणी गाणी ऐकायला म्हणून सेल घालून तसेच ठेवले नाहीत ना.