मतपत्रिकेवर मत बाद होऊ नये म्हणून: शिक्का, घडी आणि यादी

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका मतदान यंत्राऐवजी मतपत्रिकेवर घ्याव्यात, अशी शिफारस राज्य निवडणूक आयोगाला करण्याचं कर्नाटक मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवलं. विषय पंचायती, नगरपालिका, महानगरपालिका यांच्यापुरता आहे. विधानसभा-लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडे, तिथे यंत्रच.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या खेड्यांना शिक्का नवा नाही. डिसेंबर २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीत बिदर जिल्हा सोडला तर राज्यभर मतपत्रिकाच होत्या. अडचण शहरात येईल. बेळगाव महानगरपालिकेच्या ५८ वॉर्डांत २०२१ साली यंत्रावर मतदान झालं, आणि तरुण मतदारांपैकी अनेकांनी शिक्का हातातही धरलेला नाही. यंत्रावर बटण दाबलं की मत बाद होत नाही. कागदावर होतं, आणि बहुतेक वेळा साध्या चुकीने.

तयारी घरीच करा. आजीला कन्नड वाचता येत नसेल तर उमेदवाराच्या नावावर विसंबू नका. चिन्ह तोंडी सांगून भागत नाही, चित्र दाखवा. छापील चिन्ह लहान आणि काळं-पांढरं असतं, दोन वाहनं किंवा दोन भांडी पटकन सारखी दिसतात. उमेदवाराचा अनुक्रमांकही पाठ करून घ्या.

मतपत्रिका हातात आली की आधी मागे पाहा. केंद्राध्यक्षांची सही आणि केंद्राचा शिक्का नसेल तर तिथेच सांगा. मग आडोशाला जाऊन बाणांच्या फुलीचा रबरी शिक्का पॅडवर एकदाच हलका टेकवा. दाबून घोळवला तर शाई पसरते. तो चिन्हावर किंवा चिन्हाजवळ, त्याच उमेदवाराच्या चौकटीत उमटवा. दोन चौकटींमधल्या पट्टीवर पडला तर मत कुणाचं ते ठरत नाही. पेनची खूण चालत नाही. सगळ्यात जास्त घात अंगठा करतो: नोंदवहीत अंगठा दिलेला असतो, त्याला शाई तशीच असते, आणि सवयीने तोच मतपत्रिकेवर टेकवला जातो. त्यावरून मतदार ओळखता येतो, म्हणून मत बाद. अंगठा आधी पुसून घ्या.

आता घडी. शाई दोन-चार क्षण वाळू द्या, मग आधी उभी घडी घाला, नंतर आडवी. उमेदवार एकाखाली एक छापलेले असतात. आधी आडवी घडी घातली की ओली शाई वरच्या किंवा खालच्या उमेदवारावर उमटते. उभ्या घडीत डाग पडला तरी त्याच ओळीत राहतो. घडीमुळे उमटलेला उलटा ठसा अधिकाऱ्याला ओळखता येतो, पण अटीतटीच्या मोजणीत अशा प्रत्येक कागदावर वाद होतो.

ग्रामपंचायतीच्या वॉर्डात बऱ्याचदा एकाहून जास्त जागा असतात. जागा तितकी मतं, पण एका उमेदवाराला एकच. कमी शिक्के मारले तरी मारलेले मोजतात. जास्त मारले तर घोळ होतो. किती शिक्के मारायचे, ते केंद्रात शिरतानाच विचारा.

शिक्का चुकला तर कागद पेटीत टाकू नका. केंद्राध्यक्षांना परत देऊन दुसरा मागा. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर घरी परतू नका, टेंडर व्होट मागा. ते मत पेटीत जात नाही, वेगळ्या पाकिटात राहतं, पण निकालाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं तर तोच पुरावा ठरतो.

या सगळ्याआधी यादीत नाव हवं. स्थानिक यादी आतापर्यंत विधानसभेच्या यादीवरून वॉर्डवार पाडली गेली आहे, त्यामुळे घर शेजारच्या वॉर्डात टाकलं जाण्याची चूक नेहमीची. नवं नाव फॉर्म ६ ने, पत्ता किंवा नावाची दुरुस्ती फॉर्म ८ ने. कन्नडमधून मराठीत येताना ऱ्हस्व-दीर्घ आणि आडनावं बिघडतात. आधार आणि मतदार ओळखपत्र शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहा.

मतपत्रिकेसाठी नियम बदलण्याचा मसुदा राजपत्रात येऊन हरकती मागवल्या गेल्या, तर दिलेल्या मुदतीत कलमाचा क्रमांक टाकून लेखी द्या आणि पोच घ्या. आपल्या भागासाठी पहिली मागणी हीच असावी: मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं कन्नडबरोबर मराठीतही छापा.