निअर, क्लोज, निअरली, क्लोजली: मराठी मीडियममधून शिकून आयेल्ट्स देणाऱ्यांसाठी

आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी शिकायला-नोकरीला जाताना द्यावी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू केली असेल तर समानार्थी शब्दांची ती पीडीएफ तुमच्यापर्यंत एव्हाना पोचलीच असणार. बिग म्हणजे ह्यूज, इम्पॉर्टन्ट म्हणजे क्रूशल, निअर म्हणजे क्लोज, अशी पानंच्या पानं. ती पाठ करू नका. इतकं स्पष्ट सांगतेय कारण मी पाठ केली होती आणि माझा रायटिंगचा बँड, म्हणजे स्कोअर, कितीतरी महिने जागचा हलला नाही, स्पेलिंग बरोबर, ग्रामर ठीक, तरी तिथेच. रायटिंगच्या मार्कांतला 25 टक्के भाग लेक्सिकल रिसोर्सचा, म्हणजे शब्दांच्या वापराचा असतो, आणि तिथे नुसते वेगवेगळे शब्द आलेत का एवढंच बघत नाहीत, शब्द आपल्या जागी बसलाय का हेही बघतात.

आपली अडचण 'जवळ'पासूनच सुरू होते. स्टेशनजवळ घर, जवळची मैत्रीण, माझ्याजवळ पैसे नाहीत, आईजवळ मन मोकळं केलं, जवळपास शंभर माणसं होती. पाचही ठिकाणी आपलं एका शब्दावर भागतं, त्यामुळे डोक्यात आपोआप निअर येतो. म्हणून इंग्रजी शब्द शोधायच्या आधी स्वतःला विचारा की हे जवळ कसलं आहे: अंतराचं, नात्याचं, स्वतःकडे असण्याचं, की आकड्याचं?

अंतराचं असेल तर टेन्शन नाही, निअर द स्टेशन आणि क्लोज टू द स्टेशन दोन्ही चालतं. क्लोजला टू लागतो, निअरला सहसा लावत नाहीत. निअरबायच्या पुढे मात्र जागेचं नाव जोडू नका. 'निअरबाय माय हाऊस' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत 'निअर माय हाऊस' लिहा, नाहीतर 'देअर इज अ पार्क निअरबाय' म्हणून वाक्य संपवा. जवळचं दुकान म्हणजे 'अ निअरबाय शॉप', आणि सगळ्यात जवळचं म्हणजे 'द निअरेस्ट शॉप'. लिसनिंगमध्ये नकाशा आला तर नेक्स्ट टू ऐकताना कान टवकारा. नेक्स्ट हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीत 'सर्वांत जवळचा' या अर्थाचाच होता, म्हणून नेक्स्ट टू म्हणजे लागूनच, मध्ये दुसरं काही नाही. निअर ऐकलं तर मध्ये एखादी इमारत असू शकते. बिसाइड म्हणजे बाजूला, आणि शेवटी एस लागून बिसाइड्स झालं की 'शिवाय'.

स्वतःकडे असण्याचं असेल तर निअर पूर्ण विसरा. माझ्याजवळ पैसे नाहीत म्हणजे 'आय डोन्ट हॅव एनी मनी ऑन मी', आणि आईजवळ मन मोकळं करायला 'ओपन अप टू'.

नात्यात क्लोज. क्लोज फ्रेंड, क्लोज टू माय सिस्टर. निअर फ्रेंड कोणी म्हणत नाही, पण निअर रिलेटिव्ह चालतं, आणि निअर फ्यूचर म्हणतात पण क्लोज फ्यूचर नाही. यात लॉजिक शोधत बसू नका, या जोड्या ठरलेल्या आहेत, वाचता वाचता अंगवळणी पडतात, खरंच पडतात. एका शब्दाबद्दल मात्र कडक सांगते. त्या पीडीएफमध्ये क्लोजच्या समोर इंटिमेट लिहिलेलं असतं, तो शब्द माणसांबद्दल अजिबात वापरू नका. 'वी आर इंटिमेट' म्हटलं की ऐकणारा शारीरिक संबंध समजतो. मैत्रिणीबद्दल, सरांबद्दल, ऑफिसमधल्या मॅनेजरबद्दल हे वाक्य गेलं तर काय होईल विचार करा.

आता ज्यात मी सगळ्यात जास्त अडकले ते. निअर म्हणजे क्लोज पाठ केलं की डोकं पुढचं गणित आपलं आपण करतं, निअरली म्हणजे क्लोजली. असं नाहीये. निअरली म्हणजे 'जवळजवळ, पण पूर्ण नाही' आणि क्लोजली म्हणजे 'बारकाईने' किंवा 'घट्ट जोडलेलं'. 'वी वर्क क्लोजली विथ डॉक्टर्स' म्हणजे आम्ही डॉक्टरांबरोबर अगदी मिळून काम करतो. त्यात क्लोजली काढून निअरली टाकलं की अर्थ होतो काम करता करता राहिलो, म्हणजे केलंच नाही! 'आय निअरली फेल' (हा फॉलचा भूतकाळ, नापासवाला फेल नाही) म्हणजे पडता पडता वाचले. 'पेशंटला क्लोजली मॉनिटर केलं' म्हणजे नीट लक्ष ठेवलं, आणि तिथे निअरली आलं तर लक्ष ठेवलंच नाही असं वाचलं जातं. नर्सिंगवाल्यांनी हे दोनदा वाचा. उलट बाजूने 'क्लोजली फिफ्टी पीपल' हेही चूक, तिथे निअरली किंवा क्लोज टू हवं.

आणि आकड्यात निअरलीला एक दिशा असते, ही गोष्ट मला कुठल्याच क्लासमध्ये कोणी सांगितली नाही. आपण 98 माणसांनाही जवळपास शंभर म्हणतो आणि 103 लाही. निअरली फक्त खालच्या बाजूचा. 48 टक्के असेल तर निअरली हाफ बरोबर, 52 टक्के असेल तर चूक, तिथे जस्ट ओव्हर हाफ लिहायचं. दोन्ही बाजूंना चालणारे शब्द अबाउट आणि अराउंड. अकॅडमिक प्रकारच्या परीक्षेत रायटिंगच्या पहिल्या प्रश्नात, टास्क वनमध्ये, ग्राफ समोर असतो आणि त्याचं वर्णन लिहायचं असतं, 52 ला निअरली फिफ्टी लिहिलं तर ती नुसती शब्दाची चूक राहत नाही, माहितीच चुकीची दिली असं होतं. आणि त्या 150 शब्दांच्या उत्तरात हे तीन-चारदा होऊ शकतं. माझं होत होतं.

क्लासबद्दल माझं मत थोडं कडक आहे. जे सर 'बँड आठचे शब्द' म्हणून यादी देतात आणि त्यातल्या एकाही शब्दाचं वाक्य करून दाखवत नाहीत त्यांच्याकडे फी भरू नका. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत. त्यात अर्थ कमी वाचा, उदाहरणाची वाक्यं जास्त वाचा, शब्दाच्या पुढे-मागे कोण येतंय ते वहीत उतरवा. हे यादी पाठ करण्यापेक्षा हळू होतं. पहिले काही आठवडे काहीच बदल दिसत नाही, घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं, मग एक दिवस निबंध लिहिताना निअरबाय माय लिहायला गेलेला हात आपोआप थांबतो.

स्पीकिंगसाठी एक राहिलं. आपण क्लोज एकाच पद्धतीने लिहितो आणि म्हणतो, पण जवळचा या अर्थी त्याच्या शेवटी स चा उच्चार असतो, आणि दार बंद करायच्या क्लोजला झ सारखा. स्पीकिंगच्या पार्ट टूमध्ये कार्डावरच्या विषयावर बोलायचं असतं, तिथे जवळच्या माणसाबद्दलचं कार्ड आलं तर हा शब्द पुन्हा पुन्हा येणार. तयारीला मिळणाऱ्या 1 मिनिटात कागदावर 'क्लोस टू' असंच देवनागरीत लिहून ठेवा, नोट्स कुठल्या लिपीत आहेत त्याचे मार्क नसतात.