पाच-सहा महिन्यांसाठी परदेशी जाताना कोल्हापुरातील घर आणि दिनक्रम कसा आवरावा

मुलाकडे किंवा मुलीकडे पाच-सहा महिन्यांसाठी जाणारी ज्येष्ठ जोडपी कोल्हापुरात आता प्रत्येक गल्लीत आढळतात. बहुतेक जण मेच्या मध्याला निघतात आणि दिवाळीच्या सुमारास परततात, म्हणजे घर नेमके पावसाळाभर बंद राहते. तयारी म्हटले की सगळ्यांचे लक्ष बॅगांकडे जाते. माझ्या अनुभवाने बॅगा चार दिवसांत भरून होतात, पण मागे राहणारे घर आणि ते चालवणारा आपला रोजचा दिनक्रम हळूहळू थांबवायला चार महिने लागतात. त्यामुळे पुढील क्रम निघण्याच्या तारखेपासून उलटा मोजून ठरवावा. उदाहरणे प्रामुख्याने अमेरिकेची असली, तरी घरासंबंधीचा भाग कोणत्याही देशाला जाणाऱ्यांना लागू पडेल.

सहा महिने आधी: नाव आणि कागद

पासपोर्ट काढून त्याची मुदत पाहावी. अनेक देश प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी, असा आग्रह धरतात. कोल्हापुरात टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने नूतनीकरणासाठी पुण्याला जावे लागत नाही. पोलीस पडताळणी मात्र आपल्या भागातील ठाण्याकडून होते, त्यामुळे अर्जावरील पत्त्यावर त्या काळात आपण घरी सापडलो पाहिजे.

मुदतीपेक्षा अधिक घोळ नावाचा होतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत आधार, बँक आणि पासपोर्ट यांवर तीन निराळी नावे निघणे मुळीच विरळा नाही. पासपोर्टावर जे आणि ज्या क्रमाने छापले आहे, तेच व्हिसाच्या अर्जात आणि तिकिटावर यावे. तिकीट परदेशातून मुले काढत असतील, तर त्यांना नाव फोनवर सांगू नये, पासपोर्टाच्या पानाचे छायाचित्र पाठवावे.

अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला जावे लागते. बोटांचे ठसे व छायाचित्र आणि वकिलातीतील मुलाखत या दोन स्वतंत्र भेटी असल्याने मुंबईत किमान एक मुक्काम धरावा. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून सोबत कोणीतरी असलेले बरे. मुलाखतीत जे विचारले तेवढ्याचेच खरे आणि थोडक्यात उत्तर द्यावे. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा मिळाला, तरी एका खेपेस किती दिवस राहायचे हे उतरल्यावर विमानतळावरील अधिकारी ठरवतो, आणि ही मुदत बहुधा सहा महिन्यांची असते. परतीचे तिकीट त्या मुदतीच्या आतले काढावे. युरोपातील शेंगेन देशांत हिशेब आणखी कडक आहे. तिथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

चार महिने आधी: धान्य भरू नये

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा गहू-तांदूळ भरण्याची, पापड-कुरडया घालण्याची आणि डंकावरून वर्षाची चटणी कुटून आणण्याची पद्धत आहे. नेमक्या त्याच वेळी आपण निघणार असतो, आणि सवयीचे हात थांबत नाहीत. त्या वर्षी धान्य भरू नये. फेब्रुवारीपासून डबे रिकामे करण्याच्या बेतानेच स्वयंपाक करावा. डाळी, रवा, पोहे, शेंगदाणे यांची यादी फळीच्या दाराला लावून जे संपेल ते पुन्हा आणू नये. निघण्याच्या आठवड्यात जे उरेल ते कामाला येणाऱ्या मावशींना किंवा नातेवाइकांना देऊन टाकावे. बंद घरात, पावसाळी दमटपणात राहिलेल्या डाळीत टोके होतात आणि तिथून ते लाकडी फर्निचरच्या फटींपर्यंत पोहोचतात. पहिल्या खेपेस आम्ही अर्धे पोते तांदूळ 'राहू दे, आल्यावर लागेल' म्हणून ठेवले होते. आल्यावर सर्वांत आधी तेच बाहेर टाकावे लागले.

तीन महिने आधी: पैसा, ओटीपी आणि औषधे

आजकाल बँकेचे प्रत्येक काम मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर अडते. म्हणून भारतातील सिमकार्ड परदेशात चालू राहणे ही चैन मानू नये. कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, परतीच्या तारखेपर्यंत पुरेल एवढ्या मुदतीचे रिचार्ज करावे, आणि डेटा बंद ठेवून केवळ संदेश घ्यावेत. पती-पत्नी दोघांची खाती एकाच क्रमांकाला जोडलेली असल्यास त्यांपैकी एक तरी दुसऱ्या क्रमांकाला जोडून घ्यावे.

मुदत ठेवी, गाडीचा विमा, आरोग्य विमा आणि लॉकरचे भाडे यांपैकी आपल्या गैरहजेरीत कशाची तारीख येते, हे कॅलेंडरवर मांडावे. महावितरणकडे वीजबिलाची रक्कम आगाऊ भरून ठेवता येते. महापालिकेचा घरफाळा आणि पाणीपट्टी निघण्यापूर्वी भरून पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीच्या दाखल्याचा विचार आधीच करावा. तो दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. ऑक्टोबरअखेर परत येणार असल्यास प्रश्न नाही, मुक्काम लांबणार असेल तर चेहरा ओळखून दाखला देणारे जीवन प्रमाणचे ॲप निघण्यापूर्वीच मोबाइलवर शिकून घ्यावे.

सोने बरोबर नेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. साज, ठुशी, पाटल्या लॉकरमध्ये राहू द्याव्यात. अंगावरचे मोजके दागिने नेले, तरी परतताना ते तिकडे घेतलेले नाहीत हे दाखवण्यासाठी निघतानाच कस्टम्सकडून दाखला घेण्याची सोय आहे.

औषधांच्या बाबतीत रोजच्या गोळ्यांचा साठा, डॉक्टरांच्या सहीची आणि औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी आणि खरेदीचे बिल या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्यात. अमेरिकेत सर्वसाधारणपणे ९० दिवसांपुरती औषधे बरोबर नेण्याची मर्यादा सांगितली जाते, तेव्हा पुढच्या महिन्यांची सोय काय, हे मुलांशी बोलून ठेवावे. गोळ्या मूळ पाकिटातच न्याव्यात, आणि निम्म्या तरी हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. दातांचे काम इथेच उरकावे, कारण प्रवासविम्यात दातांचे नेहमीचे उपचार सहसा धरलेले नसतात. चष्म्याचीही एक जोडी जादा करून घ्यावी. जुन्या आजारांचा उल्लेख विम्याच्या अर्जात लपवू नये. हप्ता थोडा वाढतो, परंतु दावा फेटाळला जाण्यापेक्षा ते परवडते.

रंकाळ्यावर रोज फिरायला जाणाऱ्यांनी प्रवासात घालायचे बूट याच काळात विकत घेऊन तिथे वापरायला सुरुवात करावी. विमानात पाय सुजतात, आणि त्या वेळी नवा बूट चावला तर काही करता येत नाही.

दोन महिने आधी: पावसाळ्यासाठी घर

घर नदीच्या बाजूच्या सखल भागात असेल, तर पुराची व्यवस्था केल्याशिवाय निघूच नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शाहूपुरी, नागाळा पार्क, सुतारवाडा, दुधाळी या भागांनी काय पाहिले, ते सांगायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. 'पाणी आले तर बघा' असे मोघम सांगून जाण्याऐवजी ज्यांच्याकडे किल्ली ठेवतो, त्यांच्याशी या दोन आकड्यांवर ठरवून घ्यावे. पाणी ३९ फुटांवर गेले की त्यांनी गाडी उंचावरच्या ठरलेल्या जागी न्यावी, आणि ते चढतच राहिले तर ४३ फुटांची वाट न पाहता मेन स्विच बंद करावा. तळमजल्यावरील कागदपत्रे, गाद्या, मिक्सर, इन्व्हर्टर या वस्तू मात्र आपण स्वतः निघण्यापूर्वीच वर नेऊन ठेवाव्यात, ते काम शेजाऱ्यांवर टाकू नये.

उंचावरच्या घरालाही पावसाळा सोडत नाही. गच्चीवरून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी पाला अडकतो, गच्चीवर पाणी साचते आणि छताला ओल येते. दर पंधरा दिवसांनी ती तोंडे साफ करायला माणूस ठरवावा आणि त्याचे पैसे एकदम न देता शेजाऱ्यांमार्फत दर खेपेस द्यावेत. एकदम दिलेल्या पैशांचे पुढे काय होते, ते आपण जाणतोच. किल्ली दोन जणांकडे असावी. आठवड्यातून एकदा तासभर खिडक्या उघडल्या गेल्या, तर निम्मी बुरशी टळते. कपाटांची दारे किंचित उघडी ठेवावीत, रेशमी साड्या सुती कापडात गुंडाळाव्यात. कातडी कोल्हापुरी चपलांना तेलाचे बोट लावून त्या वर्तमानपत्रात गुंडाळून उंच फळीवर ठेवाव्यात, अन्यथा परतल्यावर त्या हिरव्या झालेल्या दिसतील.

गच्चीवरची टाकी रिकामी करून कोरडी करावी, कारण साचलेल्या पाण्यात डासांची अंडी होतात. गाडीच्या बॅटरीची तार सोडवावी. संडास व मोरीतील जाळ्यांतले पाणी आटले की तिथून झुरळे वर येतात, म्हणून जाळ्या झाकाव्यात आणि किल्लीवाल्यांनी अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे. आपल्या भागातील पोलीस ठाण्याला घर बंद राहणार असल्याचे लेखी कळवावे. याउलट जाण्याच्या तारखा आणि विमानतळावरील फोटो सगळ्या जगाला दाखवू नयेत, निदान परत येईपर्यंत तरी.

एक महिना आधी: चटणी आणि इतर खाऊ

परदेशातील मुलांची पहिली मागणी चटणीची असते, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट व ज्वालाग्राही मानल्या जात असल्याने विमानात नेऊ दिल्या जात नाहीत. त्यामुळे परदेशी न्यायची कांदा-लसूण चटणी खोबरे न घालता वेगळी कुटून घ्यावी, तिकडे खोबरे मिळते. विमान दुबई किंवा अबू धाबीमार्गे असेल, अथवा सिंगापूरला जायचे असेल, तर चटणीत खसखसही घालू नये, कारण त्या देशांत खसखशीवर बंदी आहे. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही, लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्याबरोबर जाते म्हणून. आंबे आणि इतर ताजी फळेही नेऊ नयेत. मटणाच्या कोणत्याही पदार्थाचा मोह सोडावा, मग ते सुके मटण कितीही टिकणारे असो. गूळ, कुरडया, सांडगे, पापड हे सहसा अडत नाहीत. ऑस्ट्रेलियात बिया, दूध आणि लाकूड यांबाबत तपासणी फारच कडक आहे. कुठल्याही देशात खाद्यपदार्थ बरोबर असल्याचे विचारल्यावर सरळ सांगावे. सांगितल्यावर फार तर वस्तू काढून घेतात, लपवल्यास दंड होतो.

चटणी दोन जाड पिशव्यांत भरून हवा काढावी आणि कपड्यांच्या मधोमध ठेवावी. आमची एक पिशवी फुटली होती, तेव्हापासून पांढरे कपडे त्या बॅगेत ठेवत नाही. वजन घरच्या काट्यावर करून पाहावे. अमेरिकेच्या तिकिटावर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा अनेकदा मिळतात, परंतु आपल्या तिकिटावर काय लिहिले आहे तेच खरे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी.

शेवटचा आठवडा आणि प्रस्थान

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि चहाची भांडी विसळण्यातच दिवस जातात. त्याऐवजी एक रविवार सर्वांसाठी ठरवून तो आधीच कळवावा. 'आमच्या पुतण्यासाठी एवढे पुडके न्या' असे कोणी म्हणाले, तर ते त्यांच्यासमोर उघडून पाहावे, आणि उघडू देत नसतील तर घेऊ नये. यात भीड धरू नये. बॅगेतील प्रत्येक वस्तूची जबाबदारी आपल्यावर असते.

विमानाच्या तारखेवर विशेष लक्ष द्यावे. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. १६ तारखेला रात्री १.३० चे विमान असेल, तर विमानतळावर १५ तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास पोहोचायचे असते. ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. कोल्हापूर-मुंबई हा सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास, मेमधील घाटातली गर्दी आणि महामार्गावरील कामे लक्षात घेता, त्याच दिवशी निघण्याचा हिशेब करू नये. आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरावी किंवा एक दिवस आधी मुंबईत नातेवाइकांकडे पोहोचावे. चालण्याचा त्रास असल्यास व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी. मुलांचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टात ठेवावा, कारण उतरल्यावर मोबाइल सुरू होईलच असे नाही.

घराबाहेर पडण्याच्या दिवशी फ्रिज रिकामा करून, पुसून त्याचे दार उघडे ठेवावे, गॅसचा रेग्युलेटर काढावा, दूध आणि वर्तमानपत्र बंद झाल्याची खात्री करावी. परतण्याच्या दोन दिवस आधी किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना फोन करून खिडक्या उघडायला, टाकी धुऊन भरायला आणि अर्धा लिटर दूध आणून ठेवायला सांगावे. त्यांच्यासाठी तिकडून काय न्यायचे, ते मात्र मुक्कामाच्या पहिल्याच महिन्यात घेऊन ठेवावे, कारण शेवटच्या आठवड्यात पुन्हा बॅगांचेच वजन पुरते.