फॉरेक्स रोबोटसाठी ब्रोकर कसा पारखावा

हाताने ट्रेड करणाऱ्याचं जेमतेम ब्रोकरवरही भागून जातं. दिवसाला एक-दोन सौदे, प्रत्येकी चाळीस-पन्नास पिप्सचं लक्ष्य, त्यात अर्धा पिप इकडेतिकडे झाला तर हिशोब कोसळत नाही. रोबोट, म्हणजे ठरलेल्या नियमांनी आपोआप सौदे करणारा प्रोग्राम, मात्र वर्षाला शेकडो सौदे करतो आणि एका सौद्यामागे सरासरी एक-दीड पिपच काढतो. तिथे तोच अर्धा पिप नफ्याचा तिसरा हिस्सा खाऊन जातो. म्हणून ‘चांगला ब्रोकर’ याचा अर्थ रोबोटवाल्यासाठी वेगळा असतो, आणि तो ‘सर्वोत्तम दहा ब्रोकर’ छापाच्या याद्यांत सापडत नाही. लॉट, पिप, मार्जिन, एक्स्पर्ट अॅडव्हायझर हे शब्द माहीत आहेत असं धरून पुढचं लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. परदेशी ब्रोकरकडे मार्जिनवर चलनव्यवहार करायला तुमच्या देशाचा कायदा परवानगी देतो का, हे पाहून घ्या. अनेक देशांत नियामक किंवा मध्यवर्ती बँक अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादीच प्रसिद्ध करते. कायद्यात बसत नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. पळवाट शोधत बसू नका, कारण पैसे अडकले की तक्रार करायलाही जागा उरत नाही.

आता परवाना. एकाच ब्रँडखाली चार-पाच कंपन्या असू शकतात. एक ब्रिटनच्या एफसीए या नियामकाकडे नोंदलेली, एक सायप्रसचा नियामक सायसेककडे, एक ऑस्ट्रेलियाचा नियामक एसिककडे आणि एक कुठल्यातरी छोट्या बेटावर. जाहिरातीत पहिल्या तिघींचे शिक्के झळकतात आणि तुमचा करार होतो चौथीशी. याची सोपी खूण म्हणजे लिव्हरेज, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या किती पट सौदा करता येतो ते. युरोपात २०१८ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२१ पासून सामान्य ग्राहकाला मुख्य जोड्यांवर जास्तीत जास्त १:३० मिळतं, अमेरिकेत १:५०, जपानमध्ये १:२५. खातं उघडताना १:५०० दिसलं, तर तुम्ही त्या कडक नियमांच्या छत्राखाली नाही हे नक्की. करारातलं कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून शोधा. ब्रोकरने दिलेल्या लिंकवरून जाऊ नका. खऱ्या कंपनीचा क्रमांक चोरून चालवलेल्या बनावट साइट असतात, म्हणून नोंदवहीतला वेबपत्ता आणि तुम्ही उघडलेला वेबपत्ता अक्षर न् अक्षर जुळवा. पैसे ज्या बँक खात्यात भरायला सांगतात ते खातंही त्याच कंपनीच्या नावावर हवं.

करारात ‘निगेटिव्ह बॅलन्स प्रोटेक्शन’ आहे का, म्हणजे खातं शून्याखाली गेलं तरी ती रक्कम तुमच्याकडे मागणार नाही अशी हमी आहे का, तेही बघा. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने युरो-फ्रँकचा १.२० चा तळ अचानक सोडून दिला. काही मिनिटांत भाव इतका कोसळला की स्टॉप-लॉस होते त्या किमतीच्या कितीतरी खाली फिल झाले (म्हणजे प्रत्यक्ष सौदे झाले) आणि अनेक खाती शून्याच्याही खाली गेली. अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी दिवाळखोरीत निघाली, एफएक्ससीएम या दुसऱ्या ब्रोकरला तग धरायला ३० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. रोबोट असल्या वेळी थांबत नाही. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही तो सौदे टाकत राहतो. ही एक अट कराराच्या बाहेर असेल तर बाकीचं कितीही छान असलं तरी तिथे रोबोट लावू नका.

तांत्रिक जुळणी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण रोबोट ‘चालतच नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींचं मूळ सहसा इथेच असतं. काही ब्रोकर चिन्हाला, म्हणजे चलनजोडीच्या नावाला, शेपूट लावतात. युरो-डॉलरच्या नावापुढे टिंब आणि एखादं अक्षर येतं, आणि नाव कोडमध्येच लिहिलेलं असेल तर रोबोटला ते चिन्ह सापडत नाही. पाच अंकी भावात १ पिप म्हणजे १० पॉइंट. जुन्या चार अंकी हिशोबाने ‘स्लिपेज ३’ (मागितल्या भावापासून किती फरक चालेल ती मर्यादा) लिहिलेल्या रोबोटला तिथे फक्त ०.३ पिपची मुभा मिळते आणि इन्स्टंट एक्झिक्युशनच्या खात्यावर (मागितलेल्याच भावाला सौदा) रिकोट, म्हणजे ‘भाव बदलला, नवा घेता का’ असं उत्तर, येत राहतात. मार्केट एक्झिक्युशनच्या खात्यावर तर ही मर्यादा लागूच पडत नाही, मिळेल त्या भावाला सौदा होतो. मेटाट्रेडर ४ या ट्रेडिंग सॉफ्टवेअरमध्ये १३० क्रमांकाची चूक दिसली, तर बहुतेक वेळा स्टॉप चालू भावाच्या फार जवळ ठेवलेला असतो, म्हणजे ब्रोकरची ‘स्टॉप लेव्हल’ (भावापासून स्टॉपचं किमान अंतर) आड आलेली असते. मेटाट्रेडर ५ मध्ये १००३० आली तर फिलिंगचा प्रकार (ऑर्डर पूर्णच भरायची की अंशतःही चालेल) जुळत नाही. शिवाय मेटाट्रेडर ५ मध्ये खातं नेटिंगचं (एका जोडीत एकच सौदा उरतो) की हेजिंगचं (उलटसुलट सौदे वेगळे राहतात) हे उघडतानाच ठरवा. एकाच जोडीत बाय आणि सेल दोन्ही उघडे ठेवणारा ग्रिड रोबोट (ठरावीक अंतरावर सौद्यांची जाळी टाकणारा) नेटिंग खात्यात स्वतःचेच सौदे बंद करत बसतो. अमेरिकी ब्रोकरकडे तर असं हेजिंग नियमानेच बंद आहे.

सर्व्हरच्या घड्याळाकडे फार थोडे जण बघतात. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच ही फॉरेक्सची दिवस बदलण्याची वेळ. सर्व्हर हिवाळ्यात जीएमटी+२ आणि उन्हाळ्यात +३ वर असेल तर त्याची मध्यरात्र याच वेळेला येते आणि आठवड्याला बरोबर पाच दैनिक कँडल (आलेखावरची एका दिवसाच्या भावाची पट्टी) मिळतात. सर्व्हर जीएमटीवर असेल तर रविवारची एक चिमुकली सहावी कँडल तयार होते. मग दैनिक सरासरी, एटीआर (भावाच्या सरासरी चढउताराचं माप), चार तासांच्या कँडलच्या हद्दी, सगळंच सरकतं. एका ब्रोकरवर नफा देणारा रोबोट दुसऱ्यावर तोट्यात जायला कधीकधी एवढंही पुरतं.

फिल मोजल्याशिवाय खातं मोठं करू नका

नवखे इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

बॅकटेस्ट (जुन्या भावांवरची चाचणी) आणि डेमो (खोट्या पैशांचं सराव खातं) ही दोन्ही ठिकाणं तुम्हाला जवळजवळ आदर्श भाव देतात. डेमोवर समोर खरा विकणारा-घेणारा नसतोच. पडद्यावर दिसला तो भाव मिळाला, संपलं. खऱ्या खात्यावर तुमची ऑर्डर सर्व्हरवर जाते, तिथून ब्रोकरच्या स्वतःच्या पुस्तकात (तोच समोरची बाजू घेतो) किंवा लिक्विडिटी देणाऱ्या बँकेकडे जाते, तोवर भाव हललेला असतो. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांतला फरक म्हणजे स्लिपेज.

एक हिशोब मांडू. रोबोटची बॅकटेस्टमधली सरासरी कमाई सौद्याला १.५ पिप आहे. यात ०.२ पिप स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक) आणि लॉटमागे जाऊन-येऊन ७ डॉलर कमिशन, म्हणजे युरो-डॉलरवर ०.७ पिप, आधीच वजा आहे. आता खरं खातं घ्या. प्रवेशाला सरासरी ०.३ पिप उलटं स्लिपेज बसतं. शंभरातले ४५ सौदे स्टॉपवर बंद होतात आणि तिथे प्रत्येकी ०.६ पिप जातो, म्हणजे सरासरी ०.२७. रोबोट ज्या तासांत ट्रेड करतो त्या तासांतला खरा स्प्रेड ०.२ नसून ०.६ निघतो, म्हणजे आणखी ०.४. उरले ०.५३ पिप. वर्षाला ५०० सौदे आणि ०.१ लॉट धरला, तर ७५० डॉलरच्या जागी २६५. रोबोट तोच, बाजार तोच. यात फसवणूक झालीच असेल असं नाही, हे सगळं प्रामाणिक ब्रोकरकडेही होऊ शकतं. म्हणूनच ते मोजावं लागतं.

मोजायचं कसं? ऑर्डर पाठवण्याच्या क्षणी रोबोटने समोरचा भाव फाइलमध्ये लिहून ठेवायचा, बायसाठी आस्क (खरेदीचा भाव) आणि सेलसाठी बिड (विक्रीचा भाव). सौदा झाल्यावर प्रत्यक्ष डीलचा भाव वाचून शेजारी लिहायचा. सोबत सर्व्हरची वेळ, ऑर्डरचा प्रकार, त्या क्षणीचा स्प्रेड आणि लागलेले मिलिसेकंद. एक ओळ अशी दिसते: बाय, युरो-डॉलर, मागितला १.०८४२१, मिळाला १.०८४२५, फरक उणे ०.४ पिप, ८५ मिलिसेकंद. अधिक-उणे चिन्हाची काळजी घ्या. खरेदीत ‘मागितला वजा मिळाला’ आणि विक्रीत ‘मिळाला वजा मागितला’. दोन्हीकडे एकच सूत्र लावलंत तर तोटे एकमेकांना खोडतात आणि सरासरी खोटीच शून्य दिसते. कोड लिहिता येत नसेल तरी घाबरू नका. मेटाट्रेडर ५ च्या जर्नलमध्ये प्रत्येक ऑर्डरचा लागलेला वेळ येतो आणि हिस्टरीत स्टॉपचा भाव व बंद झालेला भाव शेजारीशेजारी दिसतात. निदान स्टॉप आणि टेक-प्रॉफिटची (ठरलेल्या नफ्यावर सौदा बंद करणारी ऑर्डर) तपासणी तेवढ्यावर होते.

मग ओळी तीन ढिगांत वेगळ्या करा: मार्केट ऑर्डर, स्टॉप आणि लिमिट. स्टॉप-लॉस लागला की त्याची मार्केट ऑर्डर होते आणि ती भाव विरुद्ध पळत असतानाच होते, म्हणून तिथे थोडं उलटं स्लिपेज स्वाभाविक आहे. मार्केट ऑर्डर शून्याच्या दोन्ही बाजूंना पडायला हव्यात. अपवाद ब्रेकआउट, म्हणजे भावाने ठरावीक पातळी तोडताच घेतलेली झेप, पकडणाऱ्या रोबोटचा. तो पळत्या भावामागे धावतो, त्याचं झुकतं माप उलट्या बाजूला राहणारच. खरी परीक्षा लिमिटच्या ढिगात आहे. टेक-प्रॉफिट लिमिटसारखा असतो, ठरलेला भाव किंवा त्याहून चांगला. मोठ्या बातमीच्या वेळी भाव उडी मारून तुमच्या लक्ष्यापलीकडे जातो तेव्हा तो पलीकडचा भाव तुम्हाला मिळायला हवा. तुमच्या शंभर टेक-प्रॉफिटमध्ये ०.१ पिपसुद्धा जास्त कधीच मिळाला नाही आणि त्याच काळात स्टॉप मात्र नेमाने घसरले, तर तिथे उलटं ते तुमचं आणि सुलटं ते त्यांचं असा व्यवहार आहे. हा संशयी माणसाचा भ्रम नव्हे. २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फ्युचर्स असोसिएशन या स्वयंनियामक संस्थेने याच एकतर्फी स्लिपेजबद्दल एफएक्ससीएमला २० लाख डॉलरचा दंड केला होता.

पहिल्या तीस-चाळीस सौद्यांवरून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक ढिगात निदान पन्नास आणि एकूण दोनशे-अडीचशे ओळी जमू द्या. सुरुवात ०.०१ लॉटने करा. युरो-डॉलरवर पिपमागे १० सेंटच जातात, तेव्हा शिकण्याची फी परवडते. पण ०.०१ ला मिळालेली वागणूक १ लॉटला मिळेलच असं धरू नका. लॉट वाढवाल तेव्हा मोजणी नव्याने सुरू. शक्य असेल तर तोच रोबोट, त्याच व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेला, सतत चालू असणारा दूरचा संगणक), त्याच दिवसांत दोन ब्रोकरकडे चालवा. बाजार तोच राहतो, मग फरक दिसतो तो ब्रोकरचाच.

व्हीपीएस ब्रोकरच्या ट्रेड सर्व्हरजवळ घ्या. बहुतेक सर्व्हर लंडन किंवा न्यूयॉर्क भागातल्या डेटा सेंटरमध्ये असतात. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) २-३ मिलिसेकंद आणि ऑर्डरला मात्र नेहमी ३०० लागत असतील, तर उशीर तुमच्या तारेत नाही, ब्रोकरच्या बाजूला आहे. महागडा व्हीपीएस घेऊन तो कमी होणार नाही.

रात्री चालणाऱ्या स्कॅल्परने (थोड्या पिप्ससाठी झटपट सौदे करणारा रोबोट) रोलओव्हरच्या, म्हणजे दिवस बदलण्याच्या वेळेच्या, आगेमागे अर्ध्या तासाचा स्प्रेड वेगळा नोंदवावा. दिवसा ०.३ दिसणारा स्प्रेड त्या वेळी कित्येक पिप्सवर जातो. जाहिरातीतलं ‘पासून सुरू’ हे त्या वेळेबद्दल काहीच सांगत नाही.

अटी, पैसे काढणे आणि ‘गुरू’

करारात ‘गैरवापर’ शब्दाभोवतीची कलमं शोधून वाचा. सौदा किमान किती सेकंद उघडा हवा, स्कॅल्पिंग चालतं का, कोणत्या कारणाने नफा रद्द करता येतो. भाषा मोघम असेल तर सपोर्टला आपल्या रोबोटचा सरासरी सौदा-काळ आणि दिवसाचे सौदे लिहून विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. चॅटमधलं ‘हो हो, चालेल’ पुढे कामाला येत नाही. बोनस नाकारा. बोनस घेतला की ठरावीक लॉट पूर्ण होईपर्यंत पैसे काढण्यावर सहसा बंधन येतं.

ओळखपत्राची पडताळणी पैसे भरण्याआधी पूर्ण करा. लहान रक्कम भरा, काही दिवस रोबोट चालवा आणि मग थोडा नफा धरून पैसे काढून बघा. भरलेली रक्कम सहसा आल्या वाटेने परत जाते, नफा वेगळ्या वाटेने. दोन्ही वाटा तपासल्या जायला हव्यात. दर वेळी नवं कागदपत्र मागू लागले, तर उरलेली रक्कमही काढायला सुरुवात करा.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडक आहे. जो आपल्या लिंकवरूनच खातं उघडायला लावतो, त्याला तुमच्या प्रत्येक लॉटमागे वाटा मिळतो का, हे तोंडावर विचारा. मिळत असेल तर तुम्ही जिंका वा हरा, सौदे वाढण्यात त्याचा फायदा आहे, आणि जास्त सौदे करणारा रोबोट त्याला नेहमीच आवडेल. खातं बघायला मागितलं तर इन्व्हेस्टर पासवर्ड द्या, त्याने फक्त पाहता येतं. मास्टर पासवर्ड कुणालाही नाही, अगदी रोबोट विकणाऱ्यालाही नाही. मात्र एखादा जण आपल्या फिलची फाइल उघडून दाखवत असेल तर त्याच्याजवळ बसा. असे लोक कमी आहेत, पण आहेत, आणि विचारलं की मनापासून सांगतात.

नोंद कधीही थांबवू नका. खातं सहा महिने नीट चालून अचानक ऑर्डरला तिप्पट वेळ लागू लागला, असंही घडतं, कारण ब्रोकर ग्राहकांना वेगवेगळ्या एक्झिक्युशन गटांत ठेवू शकतो. तेव्हा आधीच्या आणि आताच्या पन्नास-पन्नास ऑर्डरचे तिकीट क्रमांक, सर्व्हर वेळ, मागितलेला व मिळालेला भाव असा तक्ता करून तक्रार विभागाला पाठवा आणि गट किंवा मार्ग बदलला का, असं थेट विचारा. चांगला ब्रोकर त्या वेळेचे टिक (क्षणोक्षणीचे भाव) दाखवून उत्तर देतो, चूक असेल तर फरक जमा करतो. नुसतं ‘बाजारातील अस्थिरता’ असं साचेबद्ध उत्तर आलं तर लॉट पुन्हा ०.०१ वर आणा, जास्तीची रक्कम काढा आणि दुसऱ्या ब्रोकरकडचं पडताळणी झालेलं खातं वापरात घ्या. ते खातं गरज पडण्याआधीच उघडून ठेवलेलं असावं, कारण पडताळणीला दिवस जातात.