एक फोटो, एक प्रश्न

प्रवासाहून परतल्यावर एका दमात चाळीस फोटो पाठवणाऱ्याला काय मिळतं, हे मी बरीच वर्षं बघते आहे. तीन अंगठे, दोन 'मस्त', आणि पुढे सामसूम. फोटो वाईट नसतात. चाळिसातल्या कशावर बोलायचं, तेच बघणाऱ्याला कळत नाही. आम्ही सात हौशी मंडळी महिन्यातून एकदा फोटो घेऊन बसतो आणि मधल्या दिवसांत ग्रुपवर पाठवतो. आमच्यात हळूहळू एक रीत रुळली, ती तुम्हीही उचला: एका वेळी एकच फोटो आणि त्याच्यासोबत एकच प्रश्न.

'कसा वाटला?' हा त्यातला प्रश्न नव्हे. त्याला 'छान' याखेरीज काय उत्तर देणार? 'पार्श्वभूमी जास्तच काळी झाली का?', 'कोपऱ्यातली सायकल ठेवू की कापू?' असं विचारलं की समोरचा डोळे बारीक करून बघायला लागतो. आणि प्रश्न ठरवताना तुम्हीही तुमचा फोटो नव्याने बघता.

माझंच सांगते. एका पहाटे गवताच्या पात्यावर चतुर (ड्रॅगनफ्लाय) सापडला, पंखभर दव घेऊन बसलेला. गारठ्यात चतुराचं अंग तापलेलं नसतं, त्यामुळे त्याला लगेच उडता येत नाही. ट्रायपॉड लावून १/१५ सेकंदाला निवांत फोटो घेता आला. प्रश्न पाठवला, 'दव पुरेसं उठून दिसतंय का?' आमच्याकडे मत देण्याआधी, नजर कुठून कुठे गेली एवढंच सांगायचं असतं. ग्रुपमधल्या ताई म्हणाल्या, "मला आधी उजवीकडचा वरचा पांढरा ठिपका दिसला. मग चतुर. दवाकडे मी पोचलेच नाही."

तो ठिपका म्हणजे पानांमधून डोकावणारं आभाळ. तीन दिवस मी तो फोटो मोठा करकरून बघत होते, पण सगळं लक्ष पंखांवर. ठिपका क्रॉप केला, म्हणजे फोटोच्या कडेकडून कापून टाकला, तर पात्याचं टोक जात होतं, आणि टोकाशिवाय चतुर अधांतरी दिसत होता. मग बोलणं क्रॉपवरून उभं राहण्याच्या जागेवर आलं. कॅमेरा वीतभर डावीकडे सरकवला असता तर पुढच्या पानाने ते आभाळ झाकलं असतं. तेव्हापासून बटण दाबण्याआधी मी फ्रेमच्या चारही कडांवरून नजर फिरवते. उजळ डाग दिसला की आधी स्वतः हलते.

त्याच फोटोवर दुसरा मुद्दा निघाला. मागचा डावा पंख मऊ, म्हणजे धूसर, का? इतक्या जवळून फोटो घेताना फोकसमध्ये राहणारी पट्टी जेमतेम काही मिलिमीटरची असते. चतुर पंख पसरून बसतो. कॅमेरा त्याच्या पाठीशी अगदी समांतर असला तरच चारही पंख त्या पट्टीत बसतात. मी थोडी तिरकी होते. हे निदान झालं ते अपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडलं ते) आणि अंतर दोन्ही लिहून पाठवलं होतं म्हणून. म्हणून फोटोबरोबर शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अपर्चर, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला), फोकल लेंग्थ (लेन्सने दृश्य किती जवळ आणलं), दिवसाची वेळ आणि उजेड कुठल्या बाजूने होता, एवढं द्याच. कॅमेऱ्याचं मॉडेल कोणी विचारलं तरच सांगा; ते आधी आलं की गप्पा फोटो सोडून खरेदीवर जातात.

पाठवण्याच्या तांत्रिक बाबी थोडक्यात. रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे बहुतेक स्क्रीन वापरतात त्या रंगपद्धतीत, ठेवा. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतला फोटो पुष्कळ स्क्रीनवर फिका पडतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि दवाचे थेंब पिठासारखे दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

पण जशीच्या तशी म्हणजे कॅमेऱ्याने फाइलच्या आत नोंदलेल्या माहितीसकट, जिला एक्झिफ म्हणतात. फोनने काढलेल्या फोटोत बहुधा जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. घरातल्या फोटोत ते का काढून टाकायचे, हे सांगायला नको. मला जास्त काळजी घरट्यांची वाटते. जागा कळली की माणसं जमतात, आईबाप पक्षी दूर थांबतात, अंडी गार पडतात, आणि माणसांच्या वावरामुळे शिकारी प्राण्यांनाही घरट्याचा माग लागतो. आमच्यात वापरात असलेल्या घरट्याचा फोटो फिरवायचाच नाही, असं ठरलं आहे. कितीही सुंदर असला तरी नाही.

फोटो कसा मिळवला, हेही खरं सांगा. दाणे टाकून बोलावलेला पक्षी, पिंजऱ्यातलं जनावर, दोन फोटो जोडून केलेला एक, यात काहीही असलं तरी पहिल्या ओळीत लिहा. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं आणि २०१० च्या जानेवारीत ते काढून घेतलं गेलं. लांडगा माणसाळलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना वाटली. छायाचित्रकाराने ते नाकारलं. स्पर्धांत भाग घेणार असाल तर फियाप (आंतरराष्ट्रीय), पीएसए (अमेरिकेतली) आणि आरपीएस (ब्रिटनमधली) या छायाचित्रण संस्थांची निसर्गछायाचित्राची सामाईक व्याख्या वाचून ठेवा. ती २०१५ मध्ये लागू झाली. तिच्यानुसार क्रॉप चालतो, पण चित्रातली नको असलेली काडी पुसणं चालत नाही. संशोधकांनी पक्ष्याच्या पायात घातलेलं कडं मात्र चालतं.

प्रवासाच्या फोटोंना वेगळी शिस्त लागते, कारण तिथे आठवण मध्ये येते. आमच्यातल्या एकाने फेरीबोटीच्या कठड्याला टेकून झोपलेल्या माणसाचा फोटो आणला आणि दाखवता दाखवता सांगायला लागला: केवढा पाऊस, कशी हेलकावणारी बोट, सगळे कसे घाबरलेले. ताई ऐकून म्हणाल्या, "पाऊस तुझ्या आठवणीत आहे रे, फोटोत नाही." खरंच नव्हता. फोटोत होता एक शांत झोपलेला माणूस आणि त्याच्या मुठीत घट्ट धरलेली पिशवी. ती मूठ आम्हाला दिसली आणि त्याला दिसली नव्हती. तेव्हापासून आम्ही फोटो अर्धा मिनिट न बोलता बघतो, आणि ज्याचा फोटो तो सगळ्यात शेवटी बोलतो. हा बदल छोटा आहे, पण माझ्या मते आमच्या सगळ्या रीतींत तोच सगळ्यात मोलाचा.

माणसांचे फोटो असतील तर आधी विचारा. झोपलेल्याला विचारता येत नाही, म्हणून जाग आल्यावर त्याला दाखवून विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर फोटो आपल्यापाशीही ठेवायचा नाही. बोटीवरच्या माणसाने हसून हो म्हटलं होतं.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना 'तू' आणि 'फोटो' वेगळे ठेवा. 'तुला कंपोझिशन जमत नाही' याने माणूस पुढच्या वेळी येत नाही. 'क्षितिज पक्ष्याच्या मानेतून जातंय' याने तो पुढच्या वेळी गुडघ्यावर बसतो. आणि स्वतःच्या फोटोवर कोणी बोलत असेल तेव्हा खुलासे देऊ नका, वहीत टिपा. मी तारीख घालून लिहिते, फोटोची जुनी प्रत जपते आणि जमलं तर त्याच जागी परत जाते.

त्या गवतात मी पुन्हा चार पहाटे गेले. चौथ्या दिवशी चतुर मिळाला, आभाळ पानाआड गेलं, चारही पंख धारदार आले. दव मात्र त्या दिवशी कमी होतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून परवाच्या बैठकीला नेणार आहे. प्रश्न लिहून ठेवला आहे: 'यातला कुठला ठेवू?'